मैत्रीतला हेवा आणि आपले वाङ्मय

मराठी वाङ्मयाला हेव्यादाव्याचा तुटवडा कधीच पडला नाही. सवतीमत्सर आहे, जावाजावांची धुसफूस आहे. भाऊबंदकी तर अशी मुरलेली, की कृ. प्र. खाडिलकरांनी १९०९ साली तेच नाव देऊन नाटक रंगभूमीवर आणले. आमच्या भंडारा जिल्ह्यात भाऊबीज उलटली की गावोगाव मंडई भरते आणि रात्री दंडार नाही तर नाटक उभे राहते. तिथेही धुऱ्यावरून फाटलेले भाऊ आणि सासू-सुनेचा झगडा प्रेक्षकांना हवाच असतो. परंतु चौदा-पंधरा वर्षांच्या दोन जिवलग मित्रांत, एका बाकावर बसणाऱ्या दोन मैत्रिणींत जो हेवा उपजतो, ज्याने कोणाचे घर फुटत नाही, कोणी कोर्टाची पायरी चढत नाही, पण एका कोवळ्या जिवाची झोप मात्र उडते, त्या हेव्याकडे आपल्या लेखकांनी किती पाहिले? आणि पाहिले ते कोणत्या नजरेने?

हा विषय क्षुल्लक आहे, असे कोणी म्हणेल. पोरांची भांडणे ती. आज कट्टी, उद्या बट्टी. सहा-सात वर्षांच्या मुलांविषयी हे खरे आहे. पण मिसरूड फुटू लागलेल्या मुलाचे आणि परकराची ओढ संपलेल्या मुलीचे तसे नसते. या वयात मूल आईबापांपासून मनाने थोडे दूर सरकते आणि त्या रिकाम्या जागेत मित्र येऊन बसतो. आपण कोण आहोत, हे ते मित्राच्या डोळ्यांत पाहून ठरवीत असते. अशा वेळी तोच मित्र डोळ्यांत खुपू लागला, तर त्या मुलाला आपलीच ओळख पारखी होते. वर्गात उभ्या राहणाऱ्या शिक्षकाला हे दर वर्षी दिसते. काल एकाच डब्यात जेवणाऱ्या दोघी आज वर्गाच्या दोन टोकांना बसलेल्या असतात आणि कारण विचारले तर दोघीही ‘काही नाही’ म्हणतात. त्या ‘काही नाही’ मध्ये एक कादंबरी असते. ती आपण कितीदा लिहिली, हा या लेखाचा प्रश्न आहे.

आधी शब्दांचा थोडा निवाडा केला पाहिजे. हेवा, मत्सर, असूया, द्वेष हे शब्द आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. परंतु मैत्रीतले दुखणे दोन प्रकारचे असते. मित्राजवळ जे आहे ते आपल्याजवळ नाही, हे पहिले दुखणे. त्याला हेवा हा शब्द नेमका शोभतो. दुसरे दुखणे निराळे. मित्र आपला होता, तो आता तिसऱ्याचा झाला, ही ती धास्ती. ह्यात मित्राची वस्तू नको असते, मित्रच हवा असतो. या दुसऱ्या दुखण्याला मराठीत स्वतंत्र शब्द नाही. त्यालाही आपण मत्सरच म्हणतो आणि मुलाला उगीचच अधिक मोठा अपराधी ठरवितो.

दोन्ही दुखण्यांत एक गोष्ट सारखी आहे. ती जवळिकीतून येतात. मुंबईच्या कोणा मुलाला पंचाण्णव टक्के पडले म्हणून लाखनीच्या मुलाची झोप उडत नाही. शेजारच्या बाकावरच्या दोस्ताला दोन गुण अधिक पडले, की उडते. म्हणजे हेवा हा मैत्रीचा शत्रू खरा, पण तो मैत्रीच्याच घरात वाढलेला असतो. हे ज्या लेखकाला कळले नाही, त्याच्या हातून या विषयाची बोधकथा होते.

बोधकथेची चाकोरी आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. एक हुशार मुलगा आणि एक हेवेखोर मुलगा. हेवेखोर मुलगा हुशार मुलाची वही लपवितो, किंवा त्याच्यावर चोरीचा आळ आणतो. मग गुरुजींना सत्य कळते, हेवेखोर मुलगा रडतो, हुशार मुलगा उदारपणे त्याला मिठी मारतो आणि गोष्ट संपते. अशा कथा मुलांच्या मासिकांतून पिढ्यान् पिढ्या छापल्या गेल्या. त्यांच्या हेतूविषयी शंका नाही. पण कलेच्या आणि सत्याच्या दृष्टीने त्यांत एक मोठी खोट आहे. हेवा कोणाला वाटावा, हे तिथे आधीच ठरलेले असते. एक मूल जन्मतः चांगले आणि दुसरे जन्मतः खोटे. खऱ्या मैत्रीत असे वाटप नसते. आज याला त्याचा हेवा वाटतो, उद्या त्याला याचा. कधी तर एकाच दुपारी दोघांना एकमेकांचा वाटतो. शिवाय अशी गोष्ट वाचून मूल एवढेच शिकते, की हेवा वाटणे हे पाप आहे आणि तो वाटलाच तर लपवून ठेवावा. लपविलेला हेवा नासतो, हे सांगायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही.

गंमत अशी, की आपल्या वाङ्मयाचे मूळ असलेले महाभारत याहून कितीतरी शहाणे आहे. आदिपर्वातली द्रोणाचार्यांची शाळा आठवावी. आचार्य सगळ्या शिष्यांना पाणी आणायला धाडीत. इतरांना अरुंद तोंडाचा कमंडलू, आणि स्वतःच्या मुलाला, अश्वत्थाम्याला, रुंद तोंडाचे भांडे. हेतू हा, की अश्वत्थाम्याचे भांडे लवकर भरावे, तो आधी परतावा आणि बाकीचे येईपर्यंत त्याला चार गोष्टी अधिक शिकविता याव्यात. अर्जुनाच्या हे ध्यानात आले. त्याने वारुणास्त्राने आपला कमंडलू क्षणात भरला आणि तो अश्वत्थाम्याबरोबरच परतू लागला. आपण ही कथा अर्जुनाच्या चलाखीची म्हणून सांगतो. मला ती भांड्यांच्या तोंडांची कथा वाटते. दोन मुलांच्या हातांत दोन मापांची भांडी कोणी दिली? आचार्यांनी. मग त्या मुलांनी एकमेकांच्या भांड्याकडे पाहिले, तर तो दोष कोणाचा?

पुढे याच आचार्यांनी अर्जुनाला वचन दिले, की तुझ्या तोडीचा धनुर्धर जगात दुसरा होणार नाही. वचन ऐकायला गोड आहे. पण त्याचा अर्थ असा, की वरच्या पायरीवर एकच जागा आहे आणि ती तुझी. त्या क्षणापासून दुसरा प्रत्येक चांगला धनुर्धर अर्जुनाच्या वाटेतला काटा झाला. अरण्यात एकलव्याची विद्या पाहून अर्जुन एकांतात गुरूंकडे गेला आणि त्याने वचनाची आठवण करून दिली. तो खोटे बोलला नाही, त्याने कपट केले नाही. वयात आलेल्या मुलाने दुखावलेल्या मनाने विचारावे तसे त्याने विचारले. त्यावर आचार्यांनी काय केले, ते सर्वांना ठाऊक आहे. एकलव्याचा अंगठा गेला. मुलाच्या मनातला हेवा मोठ्या माणसाने कृतीत उतरविला, की केवढा अनर्थ होतो, याचे याहून भेदक चित्र आपल्या वाङ्मयात नाही. व्यासांनी अर्जुनाला खलनायक केले नाही. त्यांनी फक्त ते वचन आणि तो अंगठा एका कथेत ठेवले.

मुलींची कथाही त्याच आदिपर्वात आहे. देवयानी आणि शर्मिष्ठा या दोघी मैत्रिणी. एक राजा वृषपर्व्याचे गुरू शुक्राचार्य यांची मुलगी, दुसरी राजाचीच मुलगी. जलक्रीडा चालली असता वाऱ्याने काठावरची वस्त्रे एकत्र केली आणि बाहेर येताना शर्मिष्ठेने चुकून देवयानीचे वस्त्र नेसले. इतकेच निमित्त. एरवी दोन मुली हसल्या असत्या आणि वस्त्रे बदलली असती. पण त्या एकमेकींना काय बोलल्या, ते नीट पाहावे. देवयानी म्हणाली, की तू माझी शिष्या असून माझे वस्त्र कसे घेतलेस? शर्मिष्ठा म्हणाली, की तुझा बाप माझ्या बापापुढे खाली बसून त्याची स्तुती गातो. तू मागणाऱ्याची मुलगी आहेस. भांडण दोन मैत्रिणींचे, पण त्यातले शब्द बापांचे. कोणाचा बाप वर बसतो आणि कोणाचा खाली, हे त्या मुलींनी स्वतः शोधून काढलेले नव्हते. दरबारात आणि घरात ते त्यांनी रोज पाहिले होते. मनात साठलेला हेवा बाहेर पडताना मोठ्यांची भाषा घेऊन पडला.

पुढची कथा अधिकच बोलकी आहे. शर्मिष्ठेने देवयानीला विहिरीत लोटले. ययातीने हात देऊन तिला बाहेर काढले. देवयानी नगरात परत येईना. शुक्राचार्यांनी राज्य सोडून जाण्याची धमकी दिली. गुरू गेला तर असुरांचे बळच गेले, म्हणून वृषपर्व्याने आपली मुलगी हजार दासींसह देवयानीची दासी करून दिली. एका ओल्या वस्त्राचे राजकारण झाले. दोघींना समोर बसवून ‘तुम्हांला नेमके काय दुखले?’ असे एकाही बापाने विचारले नाही. शर्मिष्ठा दासी होऊन गेली तेव्हा भांडण मिटले असे सर्वांना वाटले. प्रत्यक्षात ते जन्मभर पुरले आणि ययातीच्या घरात शिरले.

या कथेवर वि. स. खांडेकरांनी १९५९ साली ‘ययाति’ ही कादंबरी लिहिली. तिला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले आणि पुढे १९७४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार खांडेकरांना लाभला. १९६६ साली वि. वा. शिरवाडकरांनी ‘ययाति आणि देवयानी’ हे नाटक लिहिले. खांडेकर हे १९२० पासून १९३८ पर्यंत शिरोड्याच्या शाळेत मास्तर होते; मुलांची मने त्यांनी जवळून पाहिली होती. कादंबरीत त्यांनी ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा या तिघांना आपापली हकिगत आपल्याच तोंडाने सांगू दिली, हे त्यांचे मोठे औदार्य. शर्मिष्ठेला तिचा स्वतःचा आवाज मिळाला. तरीही एक रुखरुख राहते. कादंबरीला भोग आणि संयम यांचे तत्त्वज्ञान मांडायचे असल्याने दोन्ही मैत्रिणी हळूहळू दोन तत्त्वे होतात. देवयानीच्या वाट्याला अहंकार जातो, शर्मिष्ठेच्या वाट्याला त्याग. त्या दोघी एकेकाळी मैत्रिणी होत्या, एकमेकींच्या सहवासात रमत होत्या, हे वाचकाच्या मनात पुरेसे ठसत नाही. आणि ज्यांची मैत्री ठसत नाही, त्यांचा हेवाही मग केवळ दुष्टपणा वाटू लागतो. तराजूचे एक पारडे लेखकाने बोटाने दाबून धरले आहे.

याच्या उलट टोकाला आनंद यादवांची ‘झोंबी’ आहे. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या आणि १९९० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या या आत्मचरित्रात्मक कादंबरीचा एक भाग ‘जूझ’ या नावाने बारावीच्या हिंदी पाठ्यपुस्तकातही गेला. कागलच्या शेतकरी घरातला हा मुलगा. बापाने शाळा सोडवून त्याला मळ्यात जुंपले. पुढे दत्ताजीराव देसायांच्या शब्दामुळे तो पुन्हा पाचवीत जाऊन बसला. जुने सोबती पुढे गेलेले. भोवती सगळी लहान पोरे. त्यात वसंत पाटील नावाचा एक किरकोळ अंगाचा, पण हुशार मुलगा. त्याची गणिते हमखास बरोबर येत, म्हणून मास्तरांनी त्याला वर्गाचा मॉनिटर केला होता. आनंदाला ते सलले. आपण वयाने मोठे, एकदा या वर्गात बसून गेलेले. मग तो मान याला कसा?

इथे बोधकथा लिहिणाऱ्याने वसंताची पाटी फोडायला लावली असती. यादवांनी खरे घडले ते लिहिले. आनंदा वसंताकडे टक लावून पाहू लागला. तो कसा बसतो, वह्यापुस्तके कशी ठेवतो, ते त्याने पाहिले आणि तसे करू लागला. पुस्तकांना कागदाची वेष्टणे आली, दप्तर नीट झाले, मन लागले, गणिते सुटू लागली. मंत्री मास्तर हे काही दयेचा पुतळा नव्हते; चुकणाऱ्याच्या पाठीत गुद्दा बसायचा. पण आनंदाची गणिते बरोबर येऊ लागल्यावर इतर मुलांची गणिते तपासण्याच्या कामी वसंताच्या जोडीला तोही आला. एकत्र काम करता करता दोघांची दोस्ती जमली.

हा प्रसंग कादंबरीत थोडक्यात येऊन जातो. पण आपल्या विषयाची किल्ली मला त्यातच दिसते. हेवा हा आधी एक टक लावून पाहणेच असतो. ज्याचा हेवा वाटतो त्याला मूल जितके बारकाईने पाहते, तितके गुरूलाही पाहत नाही. त्या पाहण्याला वाट मिळाली तर त्याचे शिकणे होते. वाट अडली तर जळणे. आनंदाला वाट मिळाली, ती कशामुळे? मॉनिटरची जागा एकच होती. ती वसंताचीच राहिली. पण गणिते तपासण्याचे काम दोघांना पुरण्याइतके होते. मान एकाचा असतो, काम दोघांना पुरते. द्रोणाचार्यांनी अर्जुनाला जागा दिली आणि एका मुलाचा अंगठा गेला. मंत्री मास्तरांच्या वर्गात आनंदाला काम मिळाले आणि दोन मुलांची मैत्री झाली.

हे सूत्र हाती धरून आमच्याच मुलखातल्या एका फार जुन्या नाटककाराकडे पाहावे. भवभूती आपल्या पूर्वजांचे गाव पद्मपूर असल्याचे सांगतो. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ते पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे, तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यातले गाव, असे मत मांडले. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यापासून ते तिकडे गेले. या भवभूतीच्या ‘मालतीमाधव’ नाटकात माधव आणि मकरंद ही दोन मित्रांची जोडी आहे. माधवाचे मालतीवर प्रेम. मकरंद मित्रासाठी नवरीचा वेष घेऊन मालतीच्या जागी बोहल्यावर उभा राहतो, इतकी त्यांची मैत्री. संस्कृत नाटकांत नायकाचा मित्र बहुधा विदूषक असतो. खाणे आणि थट्टा करणे एवढेच त्याच्याकडे. भवभूतीने इथे विदूषक ठेवला नाही. त्याने मकरंदाला स्वतःचे शौर्य दिले, स्वतःचे संकट दिले आणि मदयंतिका ही स्वतःची प्रिया दिली. म्हणून मकरंद माधवाच्या सुखाकडे निर्मळ डोळ्यांनी पाहू शकतो. ज्याच्याजवळ आपले असे काही आहे, त्याला मित्राच्या ओंजळीकडे पाहून जळावे लागत नाही. हा केवळ नाट्यरचनेचा डाव नव्हे; त्यात माणसाच्या स्वभावाचे ज्ञान आहे.

मिलिंद बोकीलांची ‘शाळा’ २००४ साली आली आणि मराठी वाचकाला प्रथमच नववीतली मुले त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच टवाळीसह भेटली. काळ आणीबाणीचा, निवेदक मुकुंद जोशी, त्याची सुऱ्या, चित्रे, फावड्या ही टोळी. या टोळीत भवभूतीचाच नियम चालू असलेला दिसतो. जोशीची शिरोडकर, सुऱ्याची केवडा. ज्याचे त्याचे स्वप्न वेगळे, म्हणून थट्टा चालते पण वैर होत नाही. सुऱ्याचे केवड्यापुढे बोलणे त्याच्या अंगाशी येते आणि जोशीचे गुपित मात्र त्याच्यापाशी जपून राहते, तेव्हा एकाच वाटेवरचे दोन मित्र मनाने किती वेगळ्या ठिकाणी उभे असतात, ते बोकील न बोलता दाखवितात. जोशीच्या मनात शिरोडकर जसजशी भरत जाते, तसतसे टोळीला न सांगण्याजोगे त्याच्यापाशी साठत जाते. मैत्रीतल्या दुसऱ्या दुखण्याची, मित्र वाटला जाण्याची, ही सुरुवात आहे. बोकील तिला नाव देत नाहीत, तिच्यावर निकालही देत नाहीत, आणि हेच त्यांचे यश. वाचणाऱ्या मुलाला आपले मन तिथे उघडपणे फिरताना दिसते, आणि कोणी त्याला रागे भरत नाही. २०१२ साली सुजय डहाके यांच्या चित्रपटातून ही कथा पुस्तके न वाचणाऱ्या घरांतही पोहोचली, हेही चांगले झाले.

मात्र ‘शाळे’तल्या मुली आपल्याला मुलांच्या बाकावरूनच दिसतात. निवेदक मुलगा असल्याने ते स्वाभाविक आहे. पण मग मुलींच्या बाकावर काय चालले होते, हे कोण सांगणार? मुलींच्या मैत्रीचे आणि त्यातल्या हेव्याचे चित्र आपल्या कादंबरीत विरळच आहे. याचे कारण लेखकांच्या अनास्थेत जितके आहे, तितकेच इतिहासात आहे. मैत्री मुरायला वय लागते आणि ते वयच आपण मुलींना देत नव्हतो. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा ठरविले. १९४९ मध्ये ते पंधरा झाले आणि अठरा व्हायला १९७८ साल उजाडले. ज्या वयात मैत्रिणीचा हेवा वाटायचा, त्या वयात मुलगी सासरी जाऊन जावेचा हेवा करू लागे. म्हणून आपल्या ओव्यांत आणि गाण्यांत सासू आहे, नणंद आहे, जाऊ आहे. मैत्रीण दूर राहिलेली, आठवणीतली आहे. विभावरी शिरूरकरांनी १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ मध्ये शिकलेल्या तरुण स्त्रीचे दुःख निर्भयपणे मांडले. पण तिच्याही आधीची, शाळेच्या बाकावरची मुलगी बरीचशी अबोलच राहिली. आज आमच्या धानाच्या बांध्यांमधून सायकलींवर जोडीजोडीने शाळेत जाणाऱ्या मुली दिसतात. चार-पाच वर्षे रोज एकत्र जाण्याइतकी लांब मैत्री त्यांच्या कितीतरी आज्यांना मिळाली नव्हती. नवे सुख आले, की त्याचे नवे दुखणेही येते. त्या दुखण्याची कादंबरी अजून लिहिली जायची आहे.

लोकरीतीने मात्र मुलींची मैत्री कधी विसरली नव्हती. आमच्या पूर्वेला गोंदिया ओलांडले की छत्तीसगड लागते. तिथे श्रावणात मुली टोपलीत गहू पेरून भोजली वाढवितात, राखीनंतर ती पाण्यात सोडतात आणि त्यातले कोंब एकमेकींच्या कानांवर खोवून मैत्री जोडतात. मग त्या एकमेकींना नावाने नव्हे, ‘भोजली’ म्हणून हाक मारतात, आणि दोन्ही घरांत नाते मानले जाते. या रीतीत फार मोठे शहाणपण आहे. दोघींची हाक एकच. कोणी वर नाही, कोणी खाली नाही. आणि वडीलधारी माणसे या मैत्रीची साक्षीदार आहेत, पंच नाहीत. देवयानी आणि शर्मिष्ठा यांना असे साक्षीदार मिळाले असते, तर तो वस्त्रांचा घोटाळा काठावरच हसण्यावारी गेला असता.

टीकाकाराने पुस्तकापाशी थांबावे, असा एक दंडक आहे. पण हा अंक घरातल्या सर्वांच्या हातांतून फिरणार आहे, म्हणून पुस्तकांनी जे शिकविले ते घरापर्यंत नेतो. दहावीच्या बोर्डाने गुणवत्ता याद्या जाहीर करणे केव्हाच बंद केले. आपण मात्र घरोघर त्या लावीतच आहोत. फराळाच्या ताटाभोवती पाहुणे जमले, की पहिला प्रश्न ‘तुला किती पडले?’ आणि दुसरा लगेच ‘तुझ्या मैत्रिणीला किती?’ या दुसऱ्या प्रश्नाला विष म्हणावे, इतका तो वाईट आहे. तो विचारणारा मनुष्य प्रेमळ असतो, चकली पुढे करीत विचारतो. पण त्या क्षणी तो दोन मुलींच्या हातांत दोन मापांची भांडी देत असतो. मोबाइलवर दोघींचा फोटो पाहून तिसरी जेव्हा गप्प होते, तेव्हा तिला ‘इतके काय मनाला लावून घ्यायचे?’ म्हणून झिडकारणारे घर तिचे दुखणे तिच्या एकटीवर टाकते. ‘तुला ती फार आवडते, म्हणून दुखते आहे, यात वाईट काही नाही’ असे एखादी मावशी, एखादी आजी म्हणाली, तर निम्मे दुखणे तिथेच उतरते. उरलेले निम्मे उतरायला दिवस लागतात. ते मुलीला द्यावेत. आणि ज्याच्या मनात हेवा आहे त्याला उपदेशाचे दोन शब्द देण्याऐवजी त्याचे स्वतःचे असे एखादे काम द्यावे. तबला असो, विहिरीत पोहणे असो, मंडईच्या नाटकातली चार वाक्यांची भूमिका असो. जे करताना त्याला शेजाऱ्याच्या भांड्याकडे पाहायला सवड उरणार नाही.

लेखकांकडे मागणे याहून थोडे वेगळे आहे. हेवा वाटणाऱ्या मुलाला त्यांनी शेवटच्या परिच्छेदात रडवू नये आणि त्याला घाईघाईने मिठीही मारायला लावू नये. त्याच्या शेजारी थोडा वेळ बसावे. तो कोणाकडे टक लावून पाहतो आहे, ते पाहावे. आणि त्या दोघांच्या मध्ये एकच जागा कोणी मांडून ठेवली आहे, हेही शोधावे. शोध पुरा झाला, तर बहुधा असे दिसेल, की हेवेखोर म्हणून आपण ज्याच्याकडे बोट दाखवीत होतो, तोच त्या मैत्रीवर अधिक जीव टाकणारा होता. हे दाखविणारी कादंबरी ज्या दिवाळीत येईल, त्या दिवाळीत ती मुलांच्या हाती देण्याआधी मोठ्यांनी वाचावी.